मदत हवी आहे : निवेदन मुलांचं, पण शब्द मोठ्यांचे

नमस्कार मंडळी. मी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. यंदा आम्ही दर आठवड्याला वर्गसभा घेतो. मुलांनी आपणहून विषय काढला : शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसून गेलेत. तीन दिवस फाटकाच्या आत उभं राहून त्यांनी किती गाड्या थांबतात, किती तशाच जातात, याच्या रेघा मारल्या. इतकं मन लावून केलेलं काम मी क्वचितच पाहिलंय.

पण पट्टे पुन्हा रंगवावेत म्हणून निवेदन लिहायची वेळ आली तेव्हा मजकूर मोठ्यांनीच ठरवला, मुलांनी नुसत्या सह्या केल्या. मला ते फार लागलं. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मांडलेल्या, मुलांचा सहभाग किती खरा आहे हे दाखवणाऱ्या आठ पायऱ्यांच्या शिडीत खालच्या तीन पायऱ्या सहभाग म्हणून धरल्याच जात नाहीत. मुलांना शोभेपुरतं उभं करणं त्यातलंच. (ही शिडी शिक्षकांच्या खोलीत लावायला हवी, असं मला मनापासून वाटतं.)

अजून निवेदन दिलेलं नाही. मुलांचेच शब्द ठेवूनही कार्यालयात ते गांभीर्याने घेतलं जावं, यासाठी तुम्ही काय केलंत? सोबत मोजणीचा तक्ता जोडावा का?

दुसरं, प्रतिनिधी निवडताना दर वेळी तीच बोलकी मुलं येतात. चिठ्ठ्या टाकून, महिन्याच्या पाळीने कुणी करून पाहिलंय का? अबोल मुलं खुलतात की आणखी दबतात?

आणि उत्तर आलंच नाही, तर नऊ वर्षांच्या मुलांना काय सांगता?