घरी बिअर बनवायचीय, आधी काय घेऊ?

पहिल्यांदाच करतोय. किटमध्ये ढीगभर वस्तू दिसतात पण खरंच लागतं काय? आंबवायला काचेचा कार्बॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली) घेऊ की प्लास्टिकची बादली?

— बादलीच घे रे, धुवायला सोपी आणि फुटायची भीती नाही. २० लिटरच्या बॅचला २५ लिटरची घे, वर फेस येतो ना. एअरलॉक (गॅस बाहेर सोडतो, हवा आत येऊ देत नाही), मोठं पातेलं, सायफन (बिअर दुसरीकडे काढायची नळी), हायड्रोमीटर (साखर किती उरली ते बघायला), सॅनिटायझर (सामान जंतुमुक्त करायला), बास. पैसे कुठेही वाचव पण सॅनिटायझरवर नको, माझी पहिली अख्खी बॅच आंबट झालेली.

— +१. लागर प्रकारच्या बिअरच्या नादी आत्ताच लागू नकोस, तिला १० डिग्रीच्या आसपास थंडावा लागतो. एल या दुसऱ्या प्रकारच्या बिअरचं यीस्ट १८-२० ला मस्त चालतं.

— आणि बाटल्या भरायची घाई नको!! हायड्रोमीटरचं रीडिंग दोन-तीन दिवस सारखंच आलं, म्हणजे आंबणं संपलं, की मगच भर, नाहीतर गॅस साठून फुटतात, आमच्या कपाटात फुटलेल्या, वास महिनाभर गेला नाही 😅