एकेरीतला ड्यूस काढायचा? मग टेनिस कशाला बघायचं?

कोपऱ्यातला प्रेक्षक:
२०१७ मध्ये मिलानला 'नेक्स्ट जेन' स्पर्धा सुरू झाली आणि २१ वर्षांपर्यंतच्या पोरांवर सगळे प्रयोग एका दमात झाले. चार गेमचा सेट, ३-३ ला टायब्रेक (बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा खास गेम), नेटला लागून आत पडलेली सर्व्हिस चालू धरायची, हेडसेटवरून कोचशी गप्पा, चेंडू आत की बाहेर सांगणारा एकही लाइन जज रेषेवर नाही, दोन पॉइंटमध्ये २५ सेकंदांचं घड्याळ. आणि ४०-४० झालं, म्हणजे ड्यूस झाला, की दोन पॉइंटच्या आघाडीची अट नाही; पुढचा पॉइंट ज्याचा, गेम त्याचा.

यातलं घड्याळ आता सगळीकडे आहे. उत्तम. कोर्टाबाहेरून कोचिंग २०२५ पासून अधिकृत झालं. तेही ठीक, तसंही सगळे चोरून करतच होते. पण एकेरीतला ड्यूस काढा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. चार ब्रेकपॉइंट (आपल्याच सर्व्हिसचा गेम हातचा जायची वेळ) वाचवून गेम राखलेला खेळाडू पुढच्या गेमला निराळाच दिसतो आणि समोरच्याचे खांदे पडलेले असतात. एका पॉइंटवर निकाल लावलात की सरस खेळाडूचं सरसपण कमी दिसणार आणि नशिबाची चलती होणार.

नेटजवळ:
टायब्रेक आला तेव्हाही लोक असंच रडले होते. तो नसता तर? २०१० चा इस्नर-माहू सामना आठवा. विम्बल्डनच्या पाचव्या सेटमध्ये तेव्हा टायब्रेक नव्हता. ७०-६८, ११ तास ५ मिनिटं, तीन दिवस. जिंकलेला इस्नर पुढच्या फेरीत ०-६, ३-६, २-६ असा गारद. याला कसोटी म्हणायचं की छळ? २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला ६-६ वर दहा पॉइंटचा टायब्रेक आहे. कोणाचं काय बिघडलं? पुरुषांच्या टूरवर दुहेरी २००६ पासून ॲडव्हान्टेजशिवायच, म्हणजे ४०-४० ला एकाच पॉइंटवर, चालते, आणि मस्त चालते.

कोपऱ्यातला प्रेक्षक:
टायब्रेकचा दाखला तुमच्यावरच उलटतो. १९७० मध्ये यूएस ओपनने आणलेला टायब्रेक नऊ पॉइंटचा होता. ४-४ झालं की पुढचा एकच पॉइंट दोघांसाठी सेट पॉइंट! १९७५ मध्ये तो काढून दोन पॉइंटच्या फरकाचा आणला. म्हणजे एका पॉइंटचा जुगार करून झाला आणि मोडीतही निघाला. राहिली दुहेरी. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत आजही ड्यूस खेळतात.

लालमाती:
तुम्ही दोघं गुणांवर भांडताय, पण यंत्रांचं काय? २०२५ ला विम्बल्डनने १४७ वर्षांची लाइन जजची परंपरा बंद केली आणि त्याच वर्षी पावल्युचेन्कोवा-कार्टल सामन्यात चेंडू आत की बाहेर सांगणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा चुकून बंद राहिली. चेंडू बाहेर गेलेला उघड दिसत होता, तरी पॉइंट पुन्हा खेळवला आणि पावल्युचेन्कोवाने तो गेम गमावला. सामना ती जिंकली म्हणून बोभाटा कमी झाला, इतकंच. पंच खुर्चीत बसलेला असून स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू शकत नसेल तर तो तिथे कशाला? मातीच्या कोर्टवर तर चेंडूची खूण समोर असते! माद्रिदच्या स्पर्धेत झ्वेरेवने त्या खुणेचा फोटो काढला, तर ताकीद त्यालाच. रोलाँ गारोसने (फ्रेंच ओपनने) २०२५ मध्येही माणसंच ठेवली, त्यांना सलाम.

नेटजवळ:
माणसांच्या डोळ्यांची एवढी महती? २००४ च्या यूएस ओपनमध्ये सेरेना-काप्रियाती सामन्यात सेरेनाचा धडधडीत आत पडलेला चेंडू पंचांनी बाहेर दिला. त्या सामन्यावरून उठलेल्या वादळानंतरच २००६ मध्ये चॅलेंज, म्हणजे निर्णय कॅमेऱ्यांवर तपासून मागायची सोय, आलं. आणि खूण तरी कुठे पवित्र? मातीचा थर सगळीकडे सारखा नसतो, एकाच खुणेवरून दोघं दोन गोष्टी सांगतात. माझी तक्रार उलटी आहे, यंत्र कमी पडतंय. २०२४ ला सिनसिनाटीत ड्रेपरच्या मॅच पॉइंटला चेंडू त्याच्या रॅकेटवरून त्याच्याच बाजूला टप्पा पडून नेटपलीकडे गेला. रेषेवर कॅमेरेच कॅमेरे, पण हे तपासायला व्हिडिओ नव्हता! सामना ड्रेपरला.

लालमाती:
व्हिडिओ हवाच, त्यावर वाद नाही. तो पाहून निर्णय पंचच देतो. मला राग आहे तो पंचाला मुका करणाऱ्या यंत्राचा.

नेटजवळ:
बरं, ड्यूसवर तडजोड करू. दोन ड्यूस होऊ द्या, तिसऱ्याला निर्णायक पॉइंट.

कोपऱ्यातला प्रेक्षक:
'नेक्स्ट जेन'मध्ये खुशाल करून बघा, ती स्पर्धा त्यासाठीच आहे. पण वेळच वाचवायचा असेल तर आधी सेट हरल्या हरल्या घेतलेल्या टॉयलेट ब्रेककडे बघा. तिथे एकही पॉइंट खेळला जात नाही.