नागपूरचा अपरिचित इतिहास : मालिकेला कोणते विषय घ्यावेत?

महालकर : आठवी-नववीच्या मुलांसाठी दहा-दहा मिनिटांचे सहा भाग करायचे आहेत. सीताबर्डीची 1817 ची लढाई सगळ्यांनाच माहीत आहे. दुसरं काय घेता येईल?

काटोलरोड : नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं, घ्या. सुमारे 300 आहेत, 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने काही उकरली. दगडांवरचे वाटीसारखे खळगे भर दुपारी सपाट दिसतात; सकाळच्या तिरप्या उन्हातच शूटिंग करा. परवानगी आधीच काढून ठेवा.

बर्डीवाला : 1923 चा झेंडा सत्याग्रह! झेंडा घेऊन निघालेल्या मोर्चाला सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीत, बंदी होती, म्हणजे अख्खं प्रकरण नकाशावर एका रेघेत दाखवता येतं. जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली. मुलं विचारणारच, "झेंड्यावरून एवढं?" भाग तिथूनच सुरू करा.

जुनीशुक्रवारी : विषय निवडताना एक पाहा : दाखवायला जागा आहे का? नसेल तर दहा मिनिटं नुसतं बोलणं होतं. भोसल्यांचं राज्य खालसा होणं घेतलंत तर तारखांचा घोळ टाळा. शेवटचे राजे तिसरे रघुजी वारले डिसेंबर 1853 मध्ये, राज्य इंग्रजांकडे गेलं 1854 मध्ये. पुष्कळ जण दोन्ही एकाच वर्षात कोंबतात.

महालकर : जुनापाणी पक्कं. पहिला भाग तोच.