अनुभव धागा: पेपर अन्यायाचा वाटला, बॅक लागली (विषय राहिला), आता नेमकं काय करायचं?

निकाल लागला की पुण्यातल्या कॉट बेसिसच्या खोल्यांमधून एकच प्रश्न फिरतो: रीव्हॅल, म्हणजे पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, टाकू का? ज्यांना ही वाट पुरती ठाऊक आहे, त्यांनी लिहावं. धीर द्याच, पण कुठला अर्ज, कधी आणि घोडं कुठे अडतं तेही सांगा.

परीक्षा विभागवाला
आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. ती आली की गुण नंतर बघा, पानं आधी मोजा. पुरवणी स्कॅनमध्ये आलीय का? प्रत्येक उपप्रश्नापुढे आकडा आहे का? तोच आकडा पहिल्या पानावरच्या तक्त्यात उतरलाय का? बेरीज जुळते का? न तपासलेलं उत्तर किंवा चुकलेली बेरीज असेल, तर काम गुणपडताळणीत होतं. उत्तर बरोबर असून गुण कापले असतील, तर पुनर्मूल्यांकन. त्याआधी विषयशिक्षकांकडे जा आणि एकेका उपप्रश्नाला पेन्सिलने गुण द्यायची विनंती करा. नुसतं "सर, पास होईन का?" विचारलंत, तर उत्तरही तसंच मोघम मिळेल. पाच गुण हवेत आणि फरक दोनाचाच निघाला, तर पैसे वाचवा.

आणि हे काळजावर कोरून ठेवा: रीव्हॅल टाकलं तरी त्या विषयाचा परीक्षा फॉर्म भरायचाच. रीव्हॅलचा निकाल फॉर्मची मुदत उलटल्यावर आला आणि गुण वाढले नाहीत, तर पेपरलाच बसता येत नाही. चांगल्या मुलांची वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) अशी होताना बघवत नाही.

इंजिनिअरिंग शिकवणारी
अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला, तर हॉलमध्ये तो कोरा सोडू नका. प्रश्नक्रमांक घालून जेवढं सुचेल तेवढं लिहा. सवलत मिळालीच तर बहुतेक वेळा प्रयत्न करणाऱ्यांनाच मिळते. त्याच दिवशी कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तपासणी सुरू झाली की सगळ्या परीक्षकांना सारखी सूचना देणं अवघड होतं. अर्जात विषयाचा कोड, पॅटर्नचं (अभ्यासक्रमाच्या आराखड्याचं) वर्ष, प्रश्नक्रमांक आणि गुण लिहा. अभ्यासक्रमाचं पान जोडा. "पेपर फार अवघड होता" या वाक्यावर कुणीही काहीही करू शकत नाही.

फाइलवाला
ओरल आणि टर्मवर्कला (सत्रभराच्या कामाच्या गुणांना) फोटोकॉपी नसते. म्हणून असाइनमेंटवर सही झाली की लगेच तारखेसकट फोटो काढा. गुण अडवले, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो; त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

माहिती अधिकारवाला
उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच मान्य केलाय. जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय. उत्तराची मुदत 30 दिवस. परीक्षकाचं नाव मागू नका, ते मिळत नाही. उत्तरपत्रिका ठरावीक काळाने नष्ट करतात, त्यामुळे उशीर नको.

बॅकची तयारी घेणारा
पुणे विद्यापीठाच्या 2019 पॅटर्नच्या इंजिनिअरिंगमध्ये एंड-सेम (सत्राच्या शेवटची परीक्षा) 70 गुणांची, अडीच तासांची, युनिट 3 ते 6 वर. "प्रश्न 1 किंवा 2" ही जोडी एकाच युनिटची असते, म्हणजे एक युनिट सोडलं की 17-18 गुण गेलेच. दोन युनिटं पक्की, तिसरं बऱ्यापैकी, चौथ्यातल्या व्याख्या आणि आकृत्या, एवढं जमलं तरी पासिंग हाताशी येतं. अप्पा बळवंत चौकातून जुने पेपर घेताना वरचं पॅटर्नचं वर्ष बघा. 2015 चा पेपर 2019 वाल्याने घोकला, तर मेहनत पाण्यात. निदान दोन पेपर घड्याळ लावून हाताने लिहा. बॅकवाल्यांचा अभ्यास कमी पडतो, तेवढाच लिहायचा वेगही.

होस्टेलवरची ताई
निकालाच्या रात्री रूममेटला एकटं सोडू नका. घरी फोन करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहायला लावा: किती विषय राहिले, पुढच्या वर्षाला प्रवेश मिळतोय का, फॉर्मची शेवटची तारीख कोणती. आईबाबा हेच विचारतात, आणि उत्तर तयार असलं की बोलणं रडण्यावर थांबत नाही. जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर "वेडा आहेस का" म्हणून उडवून लावू नका, "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने विचार बळावत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो लावायला तयार नसेल, तर शेजारी बसून तुम्हीच लावा आणि वॉर्डनला त्याच रात्री कळवा.