मोरचूद (कॉपर सल्फेट) लोखंडी बॅरलमध्ये भिजवलं, आता बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) करू का?

बागाईतदार_तासगाव:
नमस्कार मंडळी, काल घाईत मोरचूद लोखंडी बॅरलमध्ये भिजत घातलं, प्लॅस्टिकचा ड्रम शेजाऱ्याकडं गेलेला, सकाळी बघतो तर बॅरलला आतून विटकरी थर आणि पाण्याचा निळा रंग पार फिका. हे फवारलं तर चालेल का? आणि आमच्या गड्याच्या हाताला भेगा आहेत, तिथं आग होतेय म्हणतो. हे कितपत विषारी असतं?

द्राक्षमळा:
दादा, ते फवारू नका. तो थर म्हणजे तुमचं तांबंच आहे, लोखंड पाण्यात उतरलं आणि तांबं बॅरलला बसलं. मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबं, द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला तेच अडवतं, ते गेल्यावर फवारून काय उपयोग. 100 लिटरला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमात, मग एकत्र करा. विळ्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवायचं, तांबूस झालं की समजा चुना कमी पडला, तसंच मारलं तर कोवळी पानं करपतात. आणि त्याच दिवशी संपवा.

प्लेटिंगवाला:
आमच्याकडं तांब्याचा मुलामा द्यायच्या टाकीत हेच असतं, सोबत सल्फ्युरिक ॲसिड. गॉगल आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कुणाला टाकीजवळ येऊ देत नाही. डोळ्यात उडालं तर लगेच वाहत्या पाण्यानं 15-20 मिनिटं धुवायचं आणि मग डॉक्टर. गड्याचे हात आधी साबणानं धुवायला लावा, भेगा बुजेपर्यंत या कामाला लावू नका.

सिस्टर_ताई:
मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पोटात गेलं तर निळसर-हिरव्या उलट्या होतात, नंतर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लिव्हर आणि किडनीवर जातं, माणूस दगावतो. पूर्वी उलटी करवायला हेच द्यायचे, आता कोणी देत नाही. घरी मीठपाणी पाजून ओकायला लावू नका, पुडा घेऊन थेट दवाखाना गाठा. आणि कृपा करून कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, लहान पोरांना तो निळा रंग सरबतासारखा वाटतो.

बागाईतदार_तासगाव:
ताई, खरंच एक बाटली गोठ्यात होती, आत्ताच उचलली. बॅरलमधलं ओढ्यात सोडू का?

द्राक्षमळा:
अजिबात नको, मासे मरतात. चुना घालून ढवळा, साका खाली बसेल, पण विहिरीजवळ ओतू नका, तांबं मातीत वर्षानुवर्षं राहतं.