मदत हवी आहे: हवा भरायचा पॅडलबोर्ड रात्रीतून मऊ पडतोय

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही हवा भरून वापरायचा पॅडलबोर्ड घेतला, ज्यावर उभं राहून वल्हं मारतात तो. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. राहायला कोल्हापुरात राजारामपुरीत, पण माझं माहेर भोगावतीकाठचं. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून संथ होतं. तिथं सकाळच्या वेळी मी आणि माझा भाचा बोर्ड काढतो. भाचा कॉलेजला आहे, पोहायला नदीतच शिकलेला. त्याला या बोर्डाचं जे वेड लागलंय ते बघून मला फार बरं वाटतं, म्हणून ही वस्तू नीट टिकावी अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी. बोर्डावर छापलंय की १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरा, १८ च्या वर नको. आम्ही आदल्या दिवशी दुपारी अंगणात १५ पर्यंत भरून ठेवतो, म्हणजे उजाडता उजाडता थेट पाण्यात जाता येतं. सकाळी बघावं तर काटा ११ च्या आसपास. भाचा उभा राहिला तर चालून जातं, मी उभी राहिले की बोर्ड मधोमध वाकतो आणि कडेनं पाणी वर येतं. शिवणीवरून हात फिरवून पाहिला, कुठं हवा लागत नाही. बाहेरून चीर नाही, ओरखडाही नाही.

पंपाचंही विचारायचं आहे. हातपंपानं सुरुवातीला भराभर हवा जाते, पण बराच वेळ काटा शून्यावरच बसून असतो. पंप बिघडलाय का? शेवटी तर दांडा खाली जातच नाही. गावातल्या पंक्चरवाल्याकडं कॉम्प्रेसर आहे, तो म्हणतो आणा, दोन मिनिटांत भरून देतो. द्यावं का?

आणि पावसाळ्यात ठेवायचा कुठं? गावच्या घरी पत्र्याखाली माळा आहे, पण तिथं उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात ओल. शिवाय उंदीर. मे महिन्यात तारकर्लीला न्यायचाही विचार आहे, तर खाऱ्या पाण्यानंतर काय करावं तेही सांगा. बोर्डाच्या पुढच्या टोकाजवळची एक डी-रिंगही (सामान बांधायची कडी) एका कडेनं सुटायला लागलीय. पंक्चरच्या सोल्युशननं चिकटेल का?

उद्यमनगरकर

ताई, गळतीचा शोध घेण्याआधी तापमानाचा हिशेब बाजूला काढा. दुपारी ३८ अंशात १५ भरलं आणि पहाटे २२ अंश झाले, तर एक थेंब हवा न जाता काटा साडेतेराच्या जवळ येतो. हवा आकसते, बाकी काही नाही. उलट बाजूही लक्षात घ्या. सकाळच्या गारव्यात १५ भरून बोर्ड उन्हात टाकला आणि आतली हवा ३० अंशांनी तापली, तर तेच १५ सुमारे १८ होतात, म्हणजे तुमच्या बोर्डाची कमाल मर्यादा. शिवणी उसवतात त्या अशा. पाण्यातून बाहेर आलात की बोर्ड झाडाखाली ठेवा. सावली नसेल तर दोन-तीन पीएसआय हवा सोडून द्या.

पण साडेतेरा आणि अकरा यात फरक राहतोच. त्यातला काही मोजण्यातला असू शकतो, कारण पंपाची नळी जोडून एक-दोन हात मारल्याशिवाय काटा खरा आकडा दाखवत नाही. ते करूनही ११ च दिसत असेल तर मग गळती. आणि माझा पहिला संशय व्हॉल्व्हवर, शिवणीवर नंतर. झाकण काढा, मधली पिन वर आहे ना बघा. वर म्हणजे बंद, दाबून फिरवून खाली बसवली म्हणजे उघडा. बोर्ड पूर्ण भरून व्हॉल्व्हच्या आत आणि कड्याभोवती साबणाचं पाणी ओता. आतून बुडबुडे आले तर पिनेखालच्या रबरी वायसरवर वाळूचा कण अडकलाय. पिन झटक्यात दाबून हवेचा फवारा सोडा, कण उडून जातो. कड्याभोवती आले तर व्हॉल्व्ह ढिला आहे. बोर्डासोबत दुरुस्तीच्या डबीत प्लॅस्टिकचा दात्यांचा पाना मिळतो, तो त्यासाठीच. हवा पूर्ण सोडायची, व्हॉल्व्हचा मागचा भाग बोर्डाच्या कापडावरूनच घट्ट धरायचा आणि मग पाना फिरवायचा. नाहीतर अख्खा व्हॉल्व्ह जागच्या जागी फिरत राहतो.

पंप चांगला आहे. आत दाब तयार होईपर्यंत काटा हलत नाही, पाच-सात पीएसआयनंतर हलायला लागतो. जड झाला की पंपावरचं बूच काढा किंवा खटका फिरवा, म्हणजे फक्त खाली दाबताना हवा जाईल. हातानं दाबू नका. हात ताठ ठेवून कंबरेतून वाका, अंगाचं वजन टाका. एवढ्या बोर्डाला आठ-दहा मिनिटं लागतात, ती लागू द्यावीत. गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा पंप घेतलात तर इंजिन चालू ठेवा आणि ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबणाराच घ्या.

कॉम्प्रेसरला मात्र माझा ठाम नकार. त्याच्या टाकीत शंभरच्या वर दाब असतो. ट्रकच्या चाकाला ते ठीक. बोर्डाच्या दोन थरांमध्ये हजारो दोरे विणलेले असतात, त्यांच्यामुळंच तो फुग्यासारखा गोल न होता सपाट आणि कडक राहतो. दाब फार वाढला तर दोरे आतून तुटतात, तिथं टेंगूळ येतं आणि त्याला दुरुस्ती नाही.

नदीकाठचा

ताई, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. बरगे घातलेत आणि वरून पाणी सांडतंय, तर बंधाऱ्याच्या जवळपाससुद्धा जाऊ नका. वरून पाणी संथ दिसतं, ओढ सांडव्याजवळ कळते. खालच्या बाजूला पडणारं पाणी माणसाला गोल गोल आत ओढतं, पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. राधानगरी धरणातून पाणी सोडलंय का ते गावात विचारूनच उतरा. भाच्याला पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट सोडू नका. आणि बोर्डाची दोरी घोट्याला बांधायची ती फक्त थांबलेल्या पाण्यात. वाहत्या पाण्यात ती झुडपात नाहीतर फांद्यांत अडकली तर पायापर्यंत हात पोचत नाही. कंबरेला एका झटक्यात सुटणारा पट्टा मिळतो, तो घ्या.

घाटउतार

आम्ही गगनबावड्यावरून करूळ घाटानं बोर्ड खाली नेतो, नेहमी गुंडाळूनच. किनाऱ्यावर भरा. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा, फिन (बोर्डाखालचा पंख) काढून तिच्या खाचेतली वाळू आणि व्हॉल्व्हभोवतालचं मीठ नीट घालवायचं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पाणी मारू नका. आत गेलेलं पाणी त्या दोऱ्यांमधून वाळता वाळत नाही. डाग पडले तर भांड्याचा सौम्य साबण. रॉकेल, पेट्रोल अजिबात नको.

पत्र्याखालचा माळा विसरा. राजारामपुरीतल्या घरी पलंगाखाली जागा असेल तर तीच उत्तम. सावलीत पूर्ण वाळवून सैलसर गुंडाळा, दर वेळी त्याच घडीवर नको. फिन काढूनच. उंदरांचा त्रास असेल तर पत्र्याची ट्रंक. त्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. पावसाळ्यात मध्येच एखाद्या कोरड्या दिवशी उलगडून वारा दाखवा.

धागाकर्ती

मंडळी, खूप खूप आभार. साबणाचं पाणी ओतलं तर कड्याभोवती बारीक बुडबुड्यांची माळच लागली. भाच्यानं मागून धरलं, मी पाना फिरवला, अर्धा आटा तरी बसला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर भरला, सकाळी दोन हात मारून पाहिलं तर काटा १४ वर. मी उभी राहिले, वाकला नाही. बंधाऱ्याचं घरी सगळ्यांना वाचून दाखवलंय आणि पट्टा मागवलाय. डी-रिंगचं तेवढं राहिलं.

उद्यमनगरकर

छान झालं. पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी असतं, बोर्ड असतो पीव्हीसीचा, त्यावर ते सोलून येतं. नळाचे पाइप जोडायचं सोल्युशनही नको, ते वाळून कडक होतं आणि बोर्ड गुंडाळला की तडकतं. हवा भरायच्या होड्यांसाठी वापरतात तो पीव्हीसीचा लवचिक गोंद मागा. हवा सोडून बोर्ड सपाट करा. सुटलेली कड हलक्या हातानं पॉलिश पेपरनं घासा, अ‍ॅसिटोननं पुसा, दोन्ही बाजूंना पातळ थर द्या. किती वेळ थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. तेवढं थांबून दुसरा थर, हाताला चिकट लागला की दाबून बसवा, आतली हवा मधून कडेकडं काढा, वर वजन ठेवा. पावसाळी हवेत करू नका, दमट हवेत गोंद धरत नाही. २४ तास हवा भरायची नाही. आणि ती रिंग धरून बोर्ड उचलू नका, मधल्या मुठीलाच धरा.