क्वेसार : अर्थ आणि वापर

प्रश्न : इंदूरला आमच्या घरात मराठी, मुलीची शाळा हिंदी माध्यमाची. क्वेसार म्हणजे काय, हे तिने आजीला सांगितलं ते असं : ‘आकाशगंगेतला खूप तेजस्वी तारा’. हे बरोबर आहे का?

उत्तर : तारा म्हणू नये, पण मुलीचा दोष नाही. तारा नावातच बसलाय. ‘क्वासी-स्टेलर रेडिओ सोर्स’, म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा रेडिओस्रोत, हे लांबलचक नाव आटोपशीर करून खगोलभौतिकशास्त्रज्ञ हाँग-यी च्यू यांनी १९६४ साली ‘क्वेसार’ केलं.

दिसायला तो ताराच. कन्या राशीतला ३सी २७३ हा क्वेसार दुर्बिणीतून बघा, तेराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा मंद, साधा ठिपका. त्याच्या वर्णपटातल्या रेषा कोणालाच ओळखू येईनात. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांच्या लक्षात आलं की त्या आपल्या नेहमीच्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त तांबड्याकडे जवळजवळ १६ टक्के सरकलेल्या. हे सरकणं म्हणजे ताम्रसृती, वस्तू जितकी लांब तितकी ती जास्त. एवढी ताम्रसृती म्हणजे अंतर दोनशे कोटी प्रकाशवर्षांच्या वर! इतक्या लांबून एकटा तारा असा दिसणं शक्यच नाही. तिथे एका दीर्घिकेच्या (गॅलेक्सीच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या) केंद्रातलं महाकाय कृष्णविवर वायू ओढून घेतंय. आत पडण्याआधी तो वायू चकतीसारखा गरगरतो, भयंकर तापतो आणि अख्ख्या दीर्घिकेला झाकोळून टाकेल असा उजळतो.

‘आकाशगंगा’ही इथे बदलायला हवा. हिंदीत कुठल्याही दीर्घिकेला आकाशगंगा म्हणतात आणि आपल्याकडे इंदुरात तो शब्द मराठीतही सहज शिरतो. मराठीत आकाशगंगा म्हणजे आपली, बाकी सगळ्या दीर्घिका. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात कृष्णविवर आहे, क्वेसार मात्र नाही.

प्रश्न : सगळे क्वेसार रेडिओलहरी सोडतात ना? आणि ‘क्वासार’ लिहिलं तर?

उत्तर : जोरदार रेडिओलहरी सोडणारे साधारण दहात एक. बाकीच्यांना हे नाव खरं तर लागू पडत नाही, तरी ते रुळलं. ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ या संशोधनपत्रिकेने बरीच वर्षं ते छापलं नव्हतं, १९७० साली संपादक, खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी खेद व्यक्त करूनच ते मान्य केलं. क्वासारही चालतं, एका लेखात एकच रूप ठेवावं. लिंग पुल्लिंगी : तो क्वेसार, अनेकवचनातही ते क्वेसार. ‘तारकासदृश’ अर्थ सांगताना वापरा, नाव म्हणून नको.